पाहुण्याला त्याच्या कामाबद्दल विचारा

मराठी पॉडकास्टला आता पाहुण्यांची वाण राहिलेली नाही. नट येतात, डॉक्टर येतात, उद्योजक, गिर्यारोहक, शेतकरी, वकील, कीर्तनकार, स्पर्धा परीक्षा पास होऊन अधिकारी झालेली मुलं, सगळे येतात. तरी महिनाभर नेमाने ऐकलं की कान ओळखू लागतो: पेशे वेगळे असले तरी मुलाखत एकच चालली आहे. लहानपण कसं गेलं, संघर्ष काय केला, आयुष्याला वळण कुठे मिळालं, आजच्या तरुणांना काय सांगाल. या चार प्रश्नांत शल्यविशारद आणि शेवग्याची शेती करणारा सारखेच बोलतात, कारण प्रश्नांनी दोघांचंही काम बाहेर ठेवलेलं असतं. तासभर ऐकूनही ऑपरेशन थिएटरमध्ये सकाळी पहिल्यांदा काय होतं आणि शेवग्याची छाटणी कधी करतात, हे कळत नाही.

निरनिराळ्या क्षेत्रांतल्या माणसांना बोलावून पॉडकास्ट करायचा असेल, किंवा तुम्ही तो करतच असाल, तर माझं सांगणं एकच आहे. माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारा, तेही अगदी बारकाईने. त्याचा स्वभाव, त्याची दुःखं, राजकारण, घर, देव, सगळं कामाच्या मागोमाग येतं. उलट बाजूने गेलात, तर ठरीव वाक्यं मिळतात.

हे करून दाखवणारी माणसं होऊन गेली आहेत. शिकागोच्या स्टड्स टर्केल यांनी तिथल्या डब्ल्यूएफएमटी या रेडिओ केंद्रावर ४५ वर्षं मुलाखती घेतल्या. १९७४ साली त्यांचं ‘वर्किंग’ हे पुस्तक आलं. त्यात वेट्रेस, पोलाद कारखान्यातला कामगार, टेलिफोन ऑपरेटर, कबर खोदणारा, हॉकीपटू अशी माणसं आपापल्या कामाबद्दल बोलतात: दिवसभर काय करतात आणि ते करताना त्यांना काय वाटतं. आपल्याकडे अनिल अवचटांनी हमालांमध्ये, निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायकांमध्ये बसून त्यांचं जगणं मराठी वाचकांपुढे मांडलं. त्यांचं ‘माणसं’ हे पुस्तक पॉडकास्ट करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. ते मुलाखतींचं पुस्तक नव्हे, पण प्रश्न कुठून सुचतात हे त्यातून शिकता येतं. ते सुचतात पाहण्यातून. वजन किती, ओझं कुठे घेतात, पैसे कोण देतं, संध्याकाळी हातात किती उरतात.

आता पाहुणे निवडायचे कसे? ‘विविध क्षेत्रांतील मान्यवर’ असं ठरवून यादी केली की ती ओळखीपाळखीत फिरते आणि त्याच त्या शहरातल्या, त्याच त्या वर्गातल्या लोकांवर येऊन थांबते. त्यापेक्षा एखादी वस्तू धरा आणि तिच्या मागे चालत जा. कांदा घ्या. चाळीत उन्हाळ कांदा साठवून भावाची वाट पाहणारा निफाडचा शेतकरी हा पहिला पाहुणा. मग लासलगाव बाजार समितीत लिलावात बोली लावणारा व्यापारी. मग प्रतवारी करणाऱ्या, गोल्टी वेगळी काढणाऱ्या बायकांपैकी एक. गोण्या भरणारा हमाल. रात्री गाडी घेऊन निघणारा ट्रकचालक. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातला अडत्या. आणि शेवटी पहाटे भजीसाठी कांदा कापायला बसणारा गाडीवाला. सात भाग झाले, सात पेशे झाले आणि प्रत्येकजण आपल्या आधीच्या-पुढच्या माणसाबद्दल बोलतो. शेतकऱ्याचं व्यापाऱ्याबद्दल काय म्हणणं आहे हे ऐकून तुम्ही व्यापाऱ्याकडे गेलात की प्रश्न आयते तयार असतात. श्रोताही पुढच्या भागाची वाट पाहतो, कारण कांद्याचं पुढे काय झालं हे त्याला जाणून घ्यायचं असतं. पाहुण्यांत नाव कमावलेला कुणीही नसला तरी मालिका पकड घेते.

अशीच एखादी जागा धरता येते. जिल्हा रुग्णालय, एसटीचं आगार, तालुक्याचं न्यायालय. न्यायालयात न्यायाधीश आणि वकील असतात, तसे बाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेले टायपिस्ट असतात, स्टॅम्प व्हेंडर असतात, पुकारा करणारा शिपाई असतो, अशिलांना चहा देणारा असतो. कुणाच्या हातून किती कागद जातात ते विचारा.

पाहुणा ठरला की मुलाखतीआधी एकदा त्याच्या कामाच्या जागी जाऊन या. माइक न घेता. अर्धा-पाऊण तास पुरतो, पण ही भेट टाळू नका. फोनवरच्या ‘प्री-इंटरव्ह्यू’ने तिची भरपाई होत नाही, कारण फोनवर माणूस आपली गोष्ट सांगून टाकतो आणि रेकॉर्डिंगच्या वेळी तीच शिळी होऊन येते. प्रत्यक्ष भेटीत त्याला फार बोलतं करू नका, फक्त बघा. हत्यारं कुठे ठेवतो, कोणाला हाक मारतो, कुठल्या गोष्टीवर चिडतो, घड्याळ किती वेळा पाहतो. येवल्याच्या पैठणी विणकराकडे गेलात तर इतिहास, पेशवे, पैठणीचं वैभव हे विषय बाजूला ठेवा. ते तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मागाजवळ बसून राहा. मग मुलाखतीत विचारा: आज सकाळपासून किती विणून झालं? ते कशावर मोजता? पदरातल्या मोराला रंग किती लागतात आणि मधेच एका रंगाचं रेशीम संपलं तर काय करता? विणून पुढे गेल्यावर चूक लक्षात आली तर किती उसवता, आणि उसवल्याचे पैसे कुणाच्या अंगावर पडतात? या शेवटच्या प्रश्नावर मालक, मजुरी, बाजार, आणि मुलगा हा धंदा का करत नाही, सगळं बाहेर येईल. तुम्ही ‘या कलेचं भवितव्य काय’ असं विचारायची गरजच उरणार नाही.

कामाबद्दलच्या प्रश्नांत सगळ्यात उपयोगी पडतात ते ‘कुठे’ आणि ‘केव्हा’चे. ‘कसं वाटलं’ हा प्रश्न माणसाला अवघडवतो. तो सभ्यपणे ‘छान वाटलं’ किंवा ‘वाईट वाटलं’ म्हणून मोकळा होतो. एसटीच्या कंडक्टरना ‘तुमच्या प्रवासाबद्दल सांगा’ असं म्हटलंत, तर ते नोकरीला कधी लागले, कुठल्या कुठल्या आगारात बदली झाली ते सांगतील. त्याऐवजी विचारा: मास्तर, मुक्कामी गाडी गावात पोचल्यावर झोपता कुठे? गाडीत, देवळात, शाळेच्या ओट्यावर? जेवणाचं कोण बघतं? रात्रभर दिवसाच्या तिकिटांची रोकड कुठे ठेवता? हिशेबात पैसे कमी भरले तर? सुट्ट्या पैशांवरून होणारं भांडण मिटवायची तुमची पद्धत कोणती? पाच-सहा लहान प्रश्न, पण त्यांत गाव आहे, भूक आहे, भीती आहे, इमान आहे. रोकड उशाशी घेऊन झोपणाऱ्या माणसाला ‘जबाबदारी म्हणजे काय’ असं वेगळं विचारायला नको.

वॉर्डातल्या सिस्टरना विचारा की रात्रपाळी संपताना ओव्हर देता तेव्हा कुठल्या पेशंटबद्दल आधी सांगता. दहावी-बारावीला शिकवणाऱ्या सरांना विचारा की पेपर तपासताना पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा उत्तरपत्रिकांत हात तितकाच सैल किंवा घट्ट राहतो का. ऊसतोडणीला जाणाऱ्या ताईंना विचारा की फडात पहाटे पोचल्यावर लहान पोराला कुठे ठेवतात, आणि उचल घेतली तेव्हा ती कोणाच्या हातात पडली. मुंबईच्या डबेवाल्यांना १८९० पासूनची परंपरा आणि २००३ मध्ये युवराज चार्ल्स भेटायला आले तो दिवस यांबद्दल आजवर शेकडो वेळा विचारून झालं आहे. त्यांना विचारा की भरलेलं क्रेट गर्दीच्या लोकलमध्ये चढवताना पुढे कोण असतं आणि मागे कोण, करोनाच्या टाळेबंदीत रेल्वे थांबली तेव्हा गटातल्या कोणी काय धंदा धरला, आणि त्यातले किती परत आले.

उत्तर आल्यावर गप्प राहायला शिका. हे सांगायला सोपं आहे, पण आपल्या बहुतेक कार्यक्रमांत सूत्रसंचालकालाच बोलायचं असतं. पाहुण्याचं वाक्य संपलं की मनात तीन आकडे मोजा. बरेचदा खरं उत्तर त्या तीन आकड्यांनंतर येतं. ‘अरे वा’, ‘क्या बात है’, ‘कमाल’ हे उद्गार तर पूर्ण बंद करावेत, असं माझं ठाम मत आहे. ते रेकॉर्डिंगमध्ये पाहुण्याच्या आवाजावर चढतात. शिवाय कशाला दाद मिळते हे ओळखून पाहुणा तसंच बोलू लागतो.

टर्केलबद्दल एक गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांना यंत्रं नीट हाताळता येत नसत. टेपरेकॉर्डरशी त्यांची खटपट चाललेली पाहून समोरचा माणूसच मदतीला धावे, आणि मग पुढच्या गप्पांत तो त्यांच्या बरोबरीचा होऊन जाई. मुद्दाम अडाणीपणाचं सोंग करावं असा याचा अर्थ नव्हे. पण पाहुण्याला जे येतं ते आपल्याला येत नाही, हे त्याच्या लक्षात येऊ द्यावं. त्याच्या धंद्यातले दहा शब्द शिकून जा, ते समजण्यासाठी. तोंडावर फेकण्यासाठी नव्हे. आणि एखादा शब्द कळला नाही तर लगेच विचारा. श्रोत्यालाही तो कळलेला नसतो.

संबोधनाकडे लक्ष द्या. आपल्याकडे हे फार बोलकं असतं. अधिकाऱ्याला ‘सर’ आणि ‘आपण’, प्राध्यापिकेला ‘मॅडम’, आणि घरकाम करणाऱ्या बाईंना ‘मावशी, तू सांग ना’, असं एकाच कार्यक्रमात चालत असेल तर श्रोत्याला तुमची उतरंड लगेच कळते. ‘मावशी’, ‘काका’, ‘दादा’, ‘ताई’ यांत आपुलकी आहे, ती जरूर ठेवा, पण वयाप्रमाणे ठेवा, पगाराप्रमाणे नको. अहो-जाहो सगळ्यांना. पाहुण्याची ओळख करून देताना पूर्ण नाव आणि काम सांगा. ‘आपल्यातलाच एक साधा माणूस’ असली विशेषणं गाळा. अशा ओळखीनंतर तो सबंध तासभर साधा माणूस होऊन बसतो.

माइक सुरू झाला की बरीच माणसं छापील मराठी बोलू लागतात. धुळ्याकडचा माणूस घरी अहिराणी बोलतो, मालवणकडची बाई मालवणी, अकोल्याची वऱ्हाडी. पण दिवा लागला की ‘त्या ठिकाणी’, ‘या माध्यमातून’ सुरू होतं. ‘तुमच्या बोलीत बोला’ असं म्हटलं तर माणूस आणखी अवघडतो किंवा बोलीचा नमुना सादर करतो. त्यावर मला सापडलेला उपाय असा: त्याला भांडण सांगायला लावा. ‘मुकादम तसं बोलल्यावर तुम्ही काय म्हणालात? जसं म्हणालात तस्संच सांगा.’ माणूस दुसऱ्याचं आणि आपलं बोलणं आठवून सांगू लागला की बोली आपोआप येते, आणि एकदा आली की टिकते. संपादन करताना ती सुधारू नका. पुनरुक्ती, अडखळणं थोडं कमी करा, पण शब्द आणि हेल तसेच राहू द्या. पुण्यातल्या श्रोत्याला एखादं वाक्य दोनदा ऐकावं लागलं तर ऐकेल.

तंत्राबद्दल थोडक्यात. कॅमेऱ्यापेक्षा आवाजावर आधी खर्च करा. पाहुणा आणि तुम्ही, दोघांना वेगवेगळा माइक हवा आणि दोघांचं रेकॉर्डिंग वेगवेगळ्या ट्रॅकवर. एकजण खोकला तर दुसऱ्याचं वाक्य वाचतं. पाहुण्याला माइकची सवय नसेल तर कॉलरला लावायचा छोटा माइक बरा, तो विसरला जातो. पंखा, फ्रिज, कूलर बंद करा. ते बंद करता येत नसतील तर त्यांच्यापासून दूर, कपड्यांचं कपाट किंवा गाद्यांची चळत असलेल्या खोलीत बसा. आवाज सपाट भिंतींवरून घुमतो आणि कापडात मुरतो. रेकॉर्डिंगआधी अर्धा मिनिट कुणीही न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड करून ठेवा, संपादनात जोड लपवायला लागते. कामाच्या जागी बोलायचं असेल तर यंत्र थांबवून बोला आणि मागाचा, लोहाराच्या भात्याचा, लिलावाच्या पुकाऱ्याचा आवाज नंतर वेगळा घ्या. दोन-तीन मिनिटांचा तो तुकडा श्रोत्याला त्या जागी नेऊन बसवतो. आणि शेवटी, मोबाइलवर का होईना, एक जादा रेकॉर्डिंग चालू ठेवा. मजुरी बुडवून आलेल्या माणसाला ‘पुन्हा एकदा याल का’ म्हणायची वेळ येऊ नये.

मजुरीचा विषय निघालाच आहे, तर तोही मोकळेपणाने बोलू. पगारदार पाहुणा सुटीच्या दिवशी येतो, व्यावसायिकाला प्रसिद्धी मिळते. रोजंदारीवरच्या माणसाचा मात्र दिवस बुडतो. त्याचा रोज आणि जाण्यायेण्याचा खर्च तुम्ही द्यावा, आधी सांगून द्यावा आणि कार्यक्रमात तसं सांगायलाही हरकत नाही. काय बोलावं हे ठरवण्यासाठी हे पैसे नसतात. मानधन म्हणून दिलेली शाल आणि नारळ त्याच्या घरी संध्याकाळची चूल पेटवत नाहीत. शक्य असेल तर त्याच्या कामाच्या वेळेनंतर, त्याच्या घराजवळ रेकॉर्डिंग करा, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

काही पेशांना बोलण्याच्या मर्यादा असतात आणि त्या आपल्याला माहीत हव्यात, कारण पाहुणा बोलण्याच्या ओघात विसरू शकतो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असतात; माध्यमांत बोलणं आणि सरकारी धोरणावर टीका करणं याबद्दल त्यांत बंधनं आहेत. पोलीस, तलाठी, जिल्हा परिषदेचे शिक्षक यांना बोलावण्याआधी परवानगीबद्दल विचारा आणि ती लेखी असेल तर उत्तम. वकिलांना आपल्या व्यवसायाची जाहिरात करायला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात, तेव्हा ‘संपर्कासाठी नंबर खाली दिला आहे’ हे वाक्य त्यांच्यासाठी अडचणीचं ठरू शकतं. डॉक्टर, समुपदेशक किंवा परिचारिका पेशंटबद्दल सांगत असतील तर नाव काढून भागत नाही. गाव, वय, आजार आणि वर्ष एकत्र आलं की तालुक्यात माणूस ओळखता येतो. त्यातले दोन तपशील तरी काढून टाका. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड होईल असं काहीही प्रसारित करणं हा गुन्हा आहे. हे सांभाळण्याची जबाबदारी पाहुण्यावर ढकलू नका. कार्यक्रम तुमचा आहे.

आरोग्य आणि पैसा या दोन विषयांवरच्या पाहुण्यांबाबत मी फार कडक राहायला सांगेन. डॉक्टर म्हणून बोलावलं असेल तर वैद्यकीय परिषदेची नोंदणी तपासा. कोणता शेअर घ्या, कोणता विका असा सल्ला फी घेऊन देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी असावी लागते. ती आहे का ते पाहा. आणि मुलाखतीत एक प्रश्न हमखास विचारा: ‘तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते तुमच्या क्षेत्रात सगळे मानतात, की हे तुमचं मत आहे?’ प्रामाणिक तज्ज्ञ या प्रश्नाने खूश होतो आणि फरक नीट समजावून सांगतो. जो चिडतो, त्याचा भाग प्रसारित करण्याआधी त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या जाणत्या माणसाला ऐकवा. साखर मुळापासून बरी करणारा काढा सांगणारा पाहुणा लाखो लोक ऐकतात, आणि त्यांतलं कुणीतरी इन्सुलिन थांबवतं. इतकं गंभीर आहे ते.

प्रसिद्ध पाहुण्याची अडचण वेगळी. त्याने तीच गोष्ट दहा ठिकाणी सांगितलेली असते. त्याच्या तीन-चार जुन्या मुलाखती ऐका, ठरलेल्या गोष्टी कुठे संपतात ते टिपा आणि प्रश्न त्याच्या पुढच्या क्षणापासून सुरू करा. पहिलं बक्षीस मिळालं, टाळ्या झाल्या, हे सर्वांना माहीत आहे. त्या रात्री घरी कशाने गेलात? बीबीसीच्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ने १९४२ पासून हे एका युक्तीने साधलं आहे: निर्जन बेटावर न्यायच्या आठ ध्वनिमुद्रिका निवडा. पुढे त्यांत एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तूही आली. शास्त्रज्ञ, राजकारणी, स्वयंपाकी, सगळ्यांना एकच खेळ. निवड करताना माणूस पाठ केलेलं विसरतो. तुम्हीही असं एखादं कायमचं सूत्र ठेवू शकता. प्रत्येक पाहुण्याने आपल्या कामातली एक वस्तू बरोबर आणायची आणि तिच्यापासून बोलायला सुरुवात करायची. न्यायाधीश काय आणतील आणि गवंडी काय आणेल, याची मला आत्ताच उत्सुकता आहे.

कधी कधी तर तुम्ही स्वतः बाजूला व्हा. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात २००३ मध्ये ‘स्टोरीकॉर्प्स’ने एक छोटी खोली उभी केली. तिथे एकमेकांना ओळखणारी दोन माणसं समोरासमोर बसून सुमारे ४० मिनिटं बोलत. आई आणि मुलगा, दोन जुने सहकारी. निवृत्त होणारा लाइनमन आणि त्याच्या जागी येणारा तरुण, सुईण राहिलेली आजी आणि तिची परिचारिका झालेली नात, यांना तुम्ही समोरासमोर बसवा आणि फक्त घड्याळ सांभाळा. नात जे विचारेल ते तुम्हाला कधीच सुचणार नाही.

भाग प्रसारित झाल्यावर त्याचा दुवा पाहुण्याला स्वतः पाठवा, आणि यूट्यूब सहज चालत नसेल तर नुसती ऑडिओ फाइल व्हॉट्सॲपवर द्या. घरची माणसं ती ऐकतील. पहिले दोन-तीन दिवस खालच्या प्रतिक्रियांवर नजर ठेवा; जातीवरून, दिसण्यावरून, बोलीवरून केलेली शेरेबाजी दिसताच काढा. त्या माणसाला तिथे तुम्ही आणून बसवलं आहे. प्रसारणानंतर आठवड्याने एक फोन करा आणि विचारा की कामावर कोण काय म्हणालं. त्याच फोनवर हेही विचारून घ्या की तुमच्या धंद्यातल्या आणखी कुणाशी बोलायला हवं. कंडक्टर मास्तर वर्कशॉपमधल्या मिस्त्रींचं नाव सांगतील, सिस्टर शवागारातल्या कर्मचाऱ्याचं.

न कापलेलं मूळ रेकॉर्डिंग कधीही पुसू नका. फाइलच्या नावात तारीख, गाव, पाहुण्याचं नाव आणि काम लिहा, संमतीचा कागद किंवा ध्वनिमुद्रित संमती तिच्याबरोबरच ठेवा, आणि दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत एकेक प्रत असू द्या.